कुंभाराचं गाढव

पूर्ण बंद पडलेली मोटरसायकल मला बरी वाटते. तिच्यात वादाला जागा नसते. प्लगला ठिणगी येते का, पेट्रोल खाली उतरतंय का, किक मारताना पायाला कॉम्प्रेशन लागतंय का, एवढं विचारलं की कुठे तरी 'नाही' असं उत्तर येतं आणि कामाला सुरुवात होते. छळते ती कधी नीट चालणारी आणि कधी न चालणारी गाडी. सकाळी दारात एका लयीत ठोके देते, आणि दुपारी पाचगणीच्या बाजारात उभी केली की आपली आपण रेस होते, मग घसरत घसरत गप्प होते. पुन्हा किक मारली तर पहिल्या लाथेला चालू. या दुखण्याला गॅरेजात 'स्लो टिकत नाही' म्हणतात.

माझी सारी नोकरी कॉलेजात संस्कृत शिकवण्यात गेली. त्यात दरवर्षी न्यायशास्त्रातला तर्कसंग्रह असायचा आणि त्यात कारणाचं प्रकरण. मुलं ते पाठ करायची, मी ते फळ्यावर लिहायचो, परीक्षा झाली की दोघंही मोकळे. निवृत्तीनंतर वाईत राहायला आल्यावर हे प्रकरण अंगाशी आलं ते गाडीच्या स्लोमुळे. एखादी गोष्ट दुसरीचं कारण आहे असं आपण कधी म्हणू शकतो? आणि हाच प्रश्न देवापुढे नारळ ठेवून विचारला, तर उत्तर तेच राहतं का?

आधी गाडीबद्दल. १९७८ची बुलेट, साडेतीनशेची. काटेकोर सांगायचं तर ३४६ सीसी, बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९०. लांब स्ट्रोक आणि जड फ्लायव्हील, म्हणून हे इंजिन इतकं संथ चालू शकतं की दोन ठोक्यांच्या मध्ये 'थांबलं वाटतं' असं मनात यावं. त्या ठोक्यासाठीच लोक हे धूड सांभाळतात. उजव्या पायाला गियर, डाव्याला ब्रेक, अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा, डिकॉम्प्रेशनची कळ दाबून किक किंचित पुढे सरकवायची आणि मग मारायची, हा सगळा विधी नव्या पिढीला कर्मकांड वाटतो. तिचा मूळचा कार्ब्युरेटर माझ्याकडे येण्याआधीच गेला होता. आता मिककार्ब आहे.

स्लोला इंजिन फार थोड्यावर जगतं. एक्सलेटर सोडला की कार्ब्युरेटरातली स्लाइड जवळजवळ तळाला बसते. मेन जेटचं काम संपतं आणि पेट्रोल येतं ते पायलट जेटच्या अर्ध्या मिलिमीटरहून बारीक भोकातून. त्यात हवा किती मिसळायची ते बाजूचा एअर स्क्रू ठरवतो, आवळला की हवा कमी, सैल केला की जास्त. पेट्रोल पुरतं जळायला वजनाने त्याच्या सुमारे पंधरा पट हवा लागते. स्लोला त्याहून थोडी कमी हवा दिलेली इंजिनाला मानवते. हा हिशेब नाजूक असतो. कुठून तरी चोरून शिरलेली चिमूटभर हवा साठच्या वेगाला कोणाच्या लक्षातही येत नाही, स्लोला तीच हवा सगळं गणित उधळते.

वाईत बुलेटबद्दल मत नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. कृष्णेच्या पुलापासून गॅरेजपर्यंत जाईस्तोवर माझ्याकडे निदानांचा ढीग जमला. कंडेन्सर गेलाय, तो तापला की दगा देतो. पॉइंटची गॅप वाढलीय. ॲडव्हान्सच्या वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्यात, म्हणून रेस खाली बसत नाही. फ्लोटमध्ये कचरा आहे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला खातं. यातलं एकही निदान खुळचट नव्हतं. यातल्या प्रत्येक कारणाने स्लो बिघडू शकतो. गंमत होती ती पुराव्याची. प्रत्येकाकडे एकच पुरावा होता: 'माझ्या मेव्हण्याची गाडी अशीच करायची, आम्ही कंडेन्सर बदलला, बरी झाली.' म्हणजे शेवटी जे बदललं ते कारण ठरलं. कंडेन्सर बदलताना मेव्हण्याच्या मेकॅनिकने पॉइंटही पुसले असतील, टाकी काढून बसवताना पेट्रोलची नळी सरळ झाली असेल, प्लग नवा टाकला असेल. ते कोणाच्या आठवणीत नाही. बिलावर कंडेन्सर आहे.

आमच्या नैयायिकांना ही खोड चांगली माहीत होती. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने तर्कसंग्रह लिहिला, त्यात कारण कशाला म्हणायचं ते एका ओळीत सांगून टाकलंय: कार्याच्या आधी जे नेमाने असतं ते. पण आधी नेमाने असणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात. म्हणून त्याच शतकातल्या विश्वनाथ पंचाननाने भाषापरिच्छेदात, जे कारण वाटतं पण ज्याच्यावाचून अडत नाही, अशा उमेदवारांना बाहेर काढायला एक सबंध वर्ग मांडलाय. त्याला अन्यथासिद्ध म्हणतात. घडा घडतो तेव्हा चाक फिरवणारा दंड असतो, पण दंडाचं दंडपण वेगळं कारण नाही. दंडाचा रंगही नाही. आकाश तर सगळीकडेच असतं, तेही नाही. कुंभाराचा बाप नसता तर कुंभार नसता हे खरं, तरी घडा बापाने केलेला नाही. आणि पाचवं, माती वाहून आणणारं गाढव. मुलं इथे हमखास हसायची. विश्वनाथाने मात्र ते गंभीरपणे घेतलंय, पाचांत खरा गरजेचा प्रकार हा पाचवाच, बाकीचे त्यात मावतात असं तो म्हणतो. याच कुंभाराच्या याच घड्याची माती याच गाढवाने आणली असेल. तरी घडा त्याच्यावाचून होऊ शकला असता. माती बैलगाडीतून आली असती, डोक्यावरून आली असती.

गाढव आणि कारण दिसायला सारखंच असतं, पंचाईत ती. दोघंही कार्याच्या आधी हजर.

माझं स्वतःचं गाढव पसरणीचा घाट होतं. वाई समुद्रसपाटीपासून सातशेएक मीटरवर, पाचगणी तेराशेच्या आसपास. तेवढ्या चढाने हवा सहाएक टक्के विरळ होते. हवा विरळ झाली की कार्ब्युरेटर त्याच जेटातून तेवढंच पेट्रोल सोडत राहतो आणि मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. शास्त्र बिनचूक आहे. घाट चढला की बिघाड, न चढला तर नाही, हेही बरेच दिवस दिसत होतं. पण पेट्रोल जास्त झालं तर गाडी जड व्हायला हवी, धूर काळा यायला हवा, प्लगवर काजळी बसायला हवी. इथे उलट. रेस आपोआप वर चढायची आणि प्लग काढून पाहिला तर पांढुरका. पांढुरका प्लग सांगतो की हवा जास्त आहे, पेट्रोल कमी. म्हणजे माझा सिद्धांत ज्या गुन्ह्याचा आरोप करत होता, त्याच्या बरोबर विरुद्ध गुन्हा घडत होता.

धूर आणि अग्नी हे न्यायातलं सर्वांत घासलेलं उदाहरण. डोंगरावर धूर दिसला की तिथे विस्तव आहे असं म्हणता येतं. उलटं म्हणता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात विस्तव असतो आणि धूर नसतो. विस्तवाबरोबर धूर यायला मध्ये ओलं सरपण लागतं. या मधल्या, लपून बसलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. वर्गात मी हे कोरडेपणाने शिकवलं. कार्ब्युरेटरची नाटकं सोसताना कळलं की इंजिन म्हणजे तो लोखंडाचा गोळाच आहे. आत सतत विस्तव, आणि सगळं नीट असेल तर डोळ्याला दिसेल असा धूर नाही. घाटालाही अशीच एक उपाधी चिकटलेली होती. पाचगणीला चहा होऊन गाडी गार झाली आणि एक्सलेटर मिटून घाट उतरून आलो, तर खाली वाईत स्लो घड्याळासारखा चालायचा. घाट तोच, बिघाड नाही. एकदा भर एप्रिलात सुरूरच्या फाट्यावरून हमरस्त्याने साताऱ्याला गेलो. घाट नाही, चढ नाही, आणि पोवई नाक्यावर गाडीने तोच तमाशा केला. दोन्हीकडे समान होतं ते तापलेलं इंजिन.

अशा लेखात रॉबर्ट पिर्सिगचं १९७४चं मोटरसायकल आणि झेनवरचं पुस्तक आणायची रीत आहे. ते मला आवडतं, पण त्यासाठी इतक्या लांब जायची मला गरज वाटत नाही. ज्या गावात प्राज्ञपाठशाळा आहे, जिथे न्याय शिकून, कलकत्त्याहून तर्कतीर्थ होऊन आलेल्या लक्ष्मणशास्त्री जोश्यांनी पुढे हिंदू धर्माचीच समीक्षा लिहिली, त्या गावात कार्ब्युरेटर आणि ईश्वर एका बैठकीत यायला काहीच हरकत नसावी.

गॅरेजातले मिस्त्री माझ्याहून वयाने लहान, पण बुलेटवर हात बसलेला. मी त्यांना उपाधी वगैरे काही सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "तापली की करते, आणि प्लग पांढरा."

"मग हवा घेतीय, सर. कुठनं ते बघू."

त्यांनी गाडी तापेपर्यंत चालू ठेवली. स्लो हेलकावे खायला लागला तेव्हा कुप्पीत थोडं इंजिन ऑइल घेतलं. पुष्कळ जण या कामाला पेट्रोलच शिंपडतात, तापलेल्या इंजिनावर. त्यांचं मला नवल वाटतं आणि भीतीही. कार्ब्युरेटर हेडला जिथे दोन स्टडवर बसतो, तिथे मध्ये काळा इन्सुलेटर असतो आणि कार्ब्युरेटरच्या तोंडाशी खोबणीत रबराची ओ-रिंग. मिस्त्रींनी त्या सांध्यावर वरच्या बाजूने ऑइलची धार अगदी केसाएवढी सोडली. तीन-चार ठोक्यांत रेस खाली आली. ठोका सुटा, भरदार झाला. ऑइल सांध्यात शोषलं जाताना दिसत होतं, कडेचा चकचकीत ओघळ आतल्या बाजूला सरकत मॅट होत गेला. ते संपलं तशी रेस पुन्हा चढली. त्यांनी पुन्हा ऑइल सोडलं, पुन्हा खाली. खालच्या बाजूला सोडलं तर काही फरक नाही. वर सोडलं की लगेच. सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक पुंजका आला, शोषलेलं ऑइल जळल्याचा.

हे असतं तेव्हा ते असतं, हे नसतं तेव्हा ते नसतं. अन्वय आणि व्यतिरेक. मी ज्यावर तास घेतले ते सगळं त्या माणसाने एका कुप्पीने करून दाखवलं, आणि पुन्हा पुन्हा करून दाखवलं. मेव्हण्याच्या कंडेन्सरमध्ये आणि या ऑइलमध्ये फरक हाच की कंडेन्सरवाल्याने एकदाच बदल केला आणि थांबला. ऑइलवाल्याने बिघाडाला बोलावलं, घालवलं, परत बोलावलं.

गाडी गार झाल्यावर कार्ब्युरेटर उतरवला. त्याचं तोंड खिडकीच्या जाड काचेवर पालथं ठेवलं आणि पलीकडून टॉर्च धरला, तर मधोमध उजेडाची बारीक रेघ. कोणी तरी, कधी तरी, दोन्ही नट जीव खाऊन आवळले होते. कान पुढे ओढले गेले आणि मधला भाग पोकळ राहिला. गार असताना ओ-रिंग ती फट कशीबशी सांभाळत होती. तापल्यावर धातू हलला की वय होऊन कडक झालेल्या रबराला ते जमत नव्हतं. मिस्त्रींनी काचेवर पॉलिश पेपर चिकटवला आणि कार्ब्युरेटरचं तोंड इंग्रजी आठच्या आकारात घासत बसले. मध्येच थांबून पुसायचं, काचेवर ठेवायचं, टॉर्च. रेघ नाहीशी झाल्यावर पेट्रोलने धुतला, जेटांतून हवा मारली, नवी ओ-रिंग घातली. नट आवळताना एकाला पाव फेरा, दुसऱ्याला पाव फेरा. शेवटी पाना पूर्ण मुठीत न धरता दोन बोटांत धरला होता.

स्लो बसला. तापल्यावरही बसलेलाच राहिला. तेव्हा माझ्यातला मास्तर जागा झाला. "मिस्त्री, आता तीच जुनी ओ-रिंग घालून एकदा बघू. परत बिघडली तर नक्की झालं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सर, बरी झालेली गाडी मुद्दाम आजारी पाडायची?"

जुनी रिंग घातली गेली नाही. ऑइलची परीक्षा पुरेशी होती असं म्हणता येतं, आणि मी तसंच म्हणतो. पण दुखणं अंगावर असताना माणूस त्याला वाटेल तितक्या वेळा हलवून बघतो, आणि ते गेल्यावर त्याला परत बोलावून शहानिशा करायला कोणी धजत नाही. कारण कळण्याची सगळ्यांत पक्की कसोटी नेमकी तिथे आहे, बरं झाल्यानंतर. ती आपण देवाच्या बाबतीत तर कधीच लावत नाही.

लहानपणी माझ्या धाकट्या भावाला कावीळ झाली. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि तेलकट बंद केलं. शेजारच्या गावातल्या एका बाबाने मंत्र म्हणत चुन्याच्या पाण्याने त्याचे हात धुतले, पाणी पिवळं झालं, सगळे हळहळले. आईने वाईच्या ढोल्या गणपतीला नारळ बोलला. भाऊ काही आठवड्यांत खडखडीत झाला. डॉक्टर म्हणाले औषधाने, बाबा म्हणाला उताऱ्याने, आजी म्हणाली गणपतीने. लहान मुलांमधली बहुतेक कावीळ आपली आपण बरी होते हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे श्रेय मागायला तीन जण रांगेत उभे आणि घडा कदाचित त्यांच्याशिवायच भाजून निघालेला. भावाला पुन्हा कावीळ देऊन या वेळी फक्त नारळ, पुढच्या वेळी फक्त सलाईन, असं करून बघणारा माणूस राक्षस ठरेल. श्रद्धेच्या दाव्यांची झाडाझडती घेता येत नाही याचं एक कारण त्या दाव्यांच्या चलाखीत असेलही. दुसरं कारण आपल्या मायेत आहे, आणि ते आम्ही तर्कवाले सांगायचं विसरतो.

चलाखीचाही अनुभव नैयायिकांना होता. स्वतःच्याच घरातला होता. ग्रंथाच्या आरंभी देवाला वंदन, ज्याला मंगल म्हणतात, ते करायचं, म्हणजे ग्रंथ निर्विघ्न पुरा होतो, हा शिष्टाचार. नवसाचाच हा पंडिती अवतार. मग यांनी त्यालाही कारणाच्या चौकशीत उभं केलं. भाषापरिच्छेदावर स्वतः विश्वनाथानेच लिहिलेली मुक्तावली नावाची टीका या मंगलवादानेच सुरू होते. आक्षेप सरळ आहे. नास्तिक मंगल करत नाहीत, त्यांचे ग्रंथ पुरे होतात. उलट मंगल करूनही काही ग्रंथ अपुरे राहतात. बाणभट्टाचीच कादंबरी घ्या ना. आरंभी देवांना वंदन आहे, पण ती त्याच्या हातून पुरी झाली नाही, मुलाने केली. दोन्हीकडून व्यभिचार, म्हणजे सांधा दोन्हीकडून हवा घेतोय. यावर उत्तरं काय दिली जातात? नास्तिकाने मागल्या जन्मी मंगल केलं असणार. आणि जिथे मंगल असून ग्रंथ अडला, तिथे विघ्नच फार बलवान किंवा फार जास्त असणार.

वर्गात या जागी मी नेहमी घाईने पुढे जायचो, कारण मला परंपरेची लाज वाटायची. आता वाटत नाही, कारण हीच उत्तरं मी गॅरेजांत ऐकली आहेत. 'कंडेन्सर बदलूनही तीच रड? मग नवा कंडेन्सरच डुप्लिकेट असणार.' 'न बदलता बरी झाली? मग हवामान बदललं असणार.' सिद्धांत वाचवण्यासाठी न दिसणारा मागला जन्म कोण कुठून आणेल सांगता येत नाही. मला आदर वाटतो तो वेगळ्या गोष्टीचा. त्यांनी आक्षेप लपवला नाही. पोथीच्या पहिल्या पानावर, देवाला नमस्कार करून झाल्या झाल्या, या नमस्काराचा उपयोग काय असा वाद मांडला. आणि त्यातूनच नव्य नैयायिकांचं एक सावध मत निघालं: मंगलाचं फळ फक्त विघ्नांचा नाश. ग्रंथ पुरा होतो तो बुद्धी, प्रतिभा अशा त्याच्या स्वतःच्या कारणांनी.

थोरल्या ईश्वराचं काय? दहाव्या-अकराव्या शतकातल्या उदयनाने न्यायकुसुमांजलीत ईश्वर सिद्ध केला तो कुंभाराच्याच आधाराने. घड्याला कर्ता लागतो, जग हेही कार्य, म्हणून त्यालाही कर्ता हवा. म्हणजे ज्या शाळेने कुंभाराचा बाप आणि गाढव कारणांच्या यादीतून हाकलले, तिनेच विश्वाचा कुंभार आत घेतला. मात्र आत घेताना त्याला कुठे बसवलं ते पाहण्यासारखं आहे. ईश्वर, त्याचं ज्ञान, त्याची इच्छा, त्याचा प्रयत्न, कार्य होण्याआधीचा त्याचा अभाव, काल, दिशा आणि अदृष्ट ही आठ साधारण कारणं. साधारण म्हणजे प्रत्येक कार्याला सारखीच. स्लो नीट असतो तेव्हाही ईश्वर, बिघडतो तेव्हाही ईश्वर. आणि जे नित्य आहे, सगळीकडे आहे, त्याचा व्यतिरेक दाखवता येत नाही. ईश्वर काढून घेऊन बघू या, घडा होतो का, असं म्हणायची सोयच नाही. ही अडचण शत्रूने काढलेली नव्हे. कालाबद्दल, आकाशाबद्दल ती न्यायाच्या घरातच चर्चिली गेली आहे.

याचा अर्थ माझ्या मते असा होतो की तर्काने मिळणारा ईश्वर माझा स्लो कधीच दुरुस्त करणार नाही. तो बिघडलेल्या आणि दुरुस्त गाडीत भेद करत नाही. त्याला मानता येईल, त्याच्याकडे काही मागता येणार नाही. आईने ज्याला नारळ बोलला तो मात्र याच मुलाची, हीच कावीळ बघणारा होता. हे दोघे एकच आहेत असं उदयनही गृहीत धरतो आणि आमचे कीर्तनकारही. मला तो सांधा काही केल्या हवाबंद दिसत नाही.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. घाटात बुलेट नेतो म्हणून रोज माझ्या नावाने ओरडते. गाडी दुरुस्त झाल्यावर तिने मला गणपतीला नारळ फोडून यायला सांगितलं, मला न विचारताच बोलली होती. मी तिला ओ-रिंग दाखवली, चपटी झालेली, नखाने दाबली तर मोडणारी. म्हणालो, "आई, हे कारण होतं. नारळाचा काय संबंध?"

"मी कुठे म्हणते नारळाने झालं?" ती म्हणाली. "झालं, म्हणून नारळ. बोललेलं ठेवायचं नसतं अंगावर."

कारण आधी असावं लागतं. तिचा नारळ नंतरचा आहे, तो कारणांच्या रांगेत उभाच राहत नाही, गाढवाच्या मागेही नाही. बोलणं मात्र आधीचं होतं, हे मी तिला म्हणू शकलो असतो. बोलताना तिने सौदा केला होता आणि फेडताना ती त्याला देणं म्हणते, हेही खरं. दोन्ही एकाच बाईत सुखाने नांदतात आणि तिला त्याचा काही त्रास होत नाही. नारळ मी फोडला. रास्त्यांनी बांधलेल्या त्या देवळात गर्दी नव्हती, अर्धी वाटी गुरवाने ठेवून घेतली.

दुसरी अर्धी गॅरेजात नेली. मिस्त्रींच्या पत्र्याच्या कपाटावर विश्वकर्म्याची तसबीर आहे. सकाळी तिला उदबत्ती लावल्याशिवाय ते पान्याला हात लावत नाहीत, खंडेनवमीला तर सगळी हत्यारं घासून, गंध लावून मांडतात. मी सहज विचारलं, उदबत्ती नाही लावली तर गाडी दुरुस्त होणार नाही का?

"होईल की," ते म्हणाले. "पण उदबत्तीला हात धुवावे लागतात. नाही तर रात्रीचं ग्रीस तसंच हाताला, आणि तसाच कार्ब्युरेटर उघडायचा."

धुतलेल्या हातांनी उघडलेल्या कार्ब्युरेटरात कचरा कमी जातो, पायलट जेट तुंबत नाही. विश्वनाथाला हे सांगितलं असतं तर तो क्षणभरही डगमगला नसता. हात उदबत्तीशिवायही धुता येतात, साबण दहा रुपयांना मिळतो, म्हणून उदबत्ती अन्यथासिद्ध, पाचवा प्रकार. त्याचं म्हणणं तर्काला धरून आहे आणि मला खोडता येत नाही. मिस्त्रींचा पोऱ्या उदबत्ती लावत नाही. साबण त्याच्याही नळापाशी आहे. त्याच्या हातचा कार्ब्युरेटर मी अजून घेतलेला नाही.